चार बोटांची पावलं

देवास, १४ जुलै २०२५

चि. शंतनू,

आशीर्वाद घे. नको असतील तर बाजूला ठेव, पण पत्र पुढे वाच. माझा फोन तू उचलत नाहीस आणि गुंजनच्या मोबाइलवरून केला तर माझा आवाज ओळखून बंद करतोस, म्हणून पोस्टाला शरण आलोय. देवासहून सकाळच्या बसने निघालेला माणूस धारला जेवणाच्या वेळेला पोचतो. पत्राला किती दिवस लागतात ते बघू. तुझी शाळा हिंदीतली, मराठी तू कसं वाचतोस ते मला ठाऊक आहे, तेव्हा अक्षर मोठं काढलंय. बोट ठेवून वाच, लाजू नकोस.

निमित्त फार मोठं नाही. आपल्या दसऱ्याच्या फोटोची काच तडकली.

तो फोटो तू विसरला असशील हे काही मला पटणार नाही. पासष्टच्या लढाईत माझा दादा, तुझा बाप, बेपत्ता झाल्यावर त्याची लोखंडी पेटी घरी आली. तू तेव्हा आईच्या पोटात होतास आणि मी निकर घालून हिंडत होतो. पेटीत कपड्यांच्या घडीत हा एकच फोटो होता, जळून काळा पडलेला रणगाडा, मागे ऊस. त्याच्या तुकडीतल्या कुणी जोडीदाराने घातला असणार. पाठीमागे एक अक्षर नव्हतं. आमचे आप्पा, म्हणजे तुझे आजोबा नारायणराव, देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात, नोकरी केलेले. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि सांगितलं, "मल्हारने मारलेला पॅटन आहे हा." त्या दिवसांत पाकिस्तानचा प्रत्येक मारलेला रणगाडा पॅटनच असायचा. शत्रू घरात ठेवायचा तर दरसाल मारून ठेवायचा, असंही आप्पाच म्हणाले आणि आपल्या घरचं शिलंगण तिथून सुरू झालं. शस्त्रपूजा झाली की फोटो पाटावर, तुझ्या आईने त्यातल्या रणगाड्याच्या नाकावर, पुढच्या उतारावर, कुंकू लावायचं आणि घरातल्या मुलाने आपट्याच्या फांदीने त्याला फटके मारायचे. पहिला मान तुझा. काय जोरात मारायचास रे! एकदा फांदी मोडली होतीस.

तू यायचा थांबल्यापासून फटके मी मारतो. चौऱ्याहत्तराव्या वर्षी फोटोला फांदीने मारणारा म्हातारा कसा दिसत असेल, कल्पना कर आणि हस. मीही हसतो.

तर काच. फ्रेमवाल्याने फोटो बाहेर काढला आणि म्हणाला, "अरे भिया, ये तो कुंकू कागज पे ही जम गया!" काच बसवायच्या आधी कित्येक वर्षं वहिनींनी कागदावरच कुंकू लावलेलं, त्याचा थर झालाय. तेव्हा आमच्या गुंजनने (माझ्या दीपेशची मुलगी. तू पाहिलीस तेव्हा दोन वेण्या होत्या, आता इंदूरला इंजिनीअरिंग करते) फोटो स्कॅन केला आणि इंटरनेटवरच्या एका मंडळात टाकला. शंतनू, जगात अशी माणसं आहेत जी जुन्या फोटोंतले मेलेले रणगाडे बघून हा कुठला, तो कुठला, हे ओळखत बसतात! मला ही माणसं फार आवडली. नोटांच्या प्रेसमध्ये माझा जन्म गेला तो दोन सारख्या कागदांतला फरक शोधण्यातच.

वहिनी बऱ्या आहेत. डोळ्यांत आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं, कुंकू चाचपून लावतात, पण लावतात. तुझ्या देवश्रीच्या लग्नातलं मी उगाळणार नव्हतो, पण लिहितोच. नांदीश्राद्धाला भटजींनी विचारलं, वडील आहेत का? तू शांतपणे "नाहीत" म्हणालास आणि गेलेल्या पितरांत दादाचं नाव घेतलंस. समोर तुझी आई हिरवा चुडा भरून, कुंकू लावून बसली होती. ती मांडवातून उठली, आणि आठ वर्षं झाली तुम्ही माय-लेक बोलत नाही. चूक कोण, बरोबर कोण, हे ठरवायला मी भटजी नाही.

दसऱ्याला ये एवढंच म्हणतो.

तुझा,
शरदकाका

देवास, ९ ऑगस्ट २०२५

चि. शंतनू,

उत्तर आलं नाही. ठीक आहे, मीही चिवट आहे.

फोटोतली गाडी पॅटन नाही.

हे मला सियालकोटच्या एका गृहस्थांनी सांगितलं. निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्या लहानपणी तिकडच्या शेतांत असे सांगाडे पडलेले असायचे, त्यांवर चढून ते खेळलेत. त्यांचा निरोप गुंजनने वाचून दाखवला: "जनाब, यह पैटन नहीं, शर्मन है। और मुझे लगता है, आप ही की तरफ़ का है।" मला राग आला. म्हटलं, हा कोण आम्हाला शिकवणारा? मग दोन दिवस मी भिंग घेऊन बसलो आणि राग जिरला, कारण मास्तर बरोबर होते. पॅटनची चाकं मोठी आणि सुटी सुटी असतात. या गाडीची चाकं लहान, जोडीजोडीने एकेका कमानीत बसवलेली. चाकांवरचं रबर जळून गेलंय. गाडी जमिनीत रुतल्यासारखी दिसते, ती नुसत्या चिखलामुळे नाही. आगीने आतल्या स्प्रिंगांचं पाणी उतरतं, त्या ढिल्या पडतात आणि सगळी गाडी खाली बसते. बसलेली गाडी म्हणजे आतून जळलेली गाडी, हे मी आता फोटो बघून चटकन सांगतो. मंडळातले लोक मला आपापले फोटो पाठवायला लागलेत. काय तरी छंद लागला बघ या वयात!

दादाच्या रेजिमेंटकडे शर्मन होत्या हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत होतं. नाव माहीत होतं, रूप कुणी पाहिलं नव्हतं. पण मास्तरच पुढे म्हणाले, शर्मन दोन्ही फौजांकडे होत्या, नुसत्या चाकांवरून ही तुमची की आमची ते ठरत नाही. मी तेवढ्यावर अडून राहिलो. शत्रूचीच असेल. पॅटन नाही तर शर्मन, फटके वाया गेले नाहीत.

मग मंडळी मागे लागली की नाकावरचा डाग काढा, निशाण असलं तर तिथेच असेल. मी नको म्हटलं. गुंजनने ऐकलं नाही. तिने मला दाखवलं की कंप्युटरवर चित्रातला फक्त लाल भाग वेगळा घेतला की लाल डाग पांढरा होऊन नाहीसा होतो आणि खालचं दिसायला लागतं. "आजोबा, बस एक क्लिक," म्हणाली, आणि तुझ्या आईने इतकी वर्षं लावलेलं कुंकू माझ्यासमोर पुसलं गेलं. तिचा काही दोष नाही, तिला त्यात कुंकू दिसत नव्हतं. मी उठून अंगणात गेलो.

खाली दोन पांढुरके ठिपके निघालेत, एकामागे एक, तिरके. कुणी म्हणतं गोळ्यांचे टवके, कुणी म्हणतं आकडा होता तो पुसलाय. मी सांगून टाकलं की टवके आहेत.

वहिनींच्या पायांना थोडी सूज आहे. पावसाळी हवा, विशेष काही नाही.

शरदकाका

देवास, १ सप्टेंबर २०२५

शंतनू,

आज घरात गौरी जेवल्या. पुरणाचा वास अजून आहे आणि मी जिन्याखाली बसून तुला लिहितोय, कारण घरात कुणाला सांगता येत नाही.

काल गौरी आणल्या. वहिनींना उंबऱ्याशी खुर्ची दिली होती. त्यांना दिसत नाही म्हणून गुंजनला शिकवत होत्या की मूठ आवळायची, करंगळीकडची बाजू भिजवलेल्या पिठात बुडवायची, जमिनीवर टेकवायची की पाऊल उमटतं, मग बोटांच्या टोकांनी पावलाची बोटं. गुंजनने पहिलं पाऊल काढलं आणि वहिनी दरसाल सांगतात ते सांगायला लागल्या. दादाचं शेवटचं पत्र त्यांना तोंडपाठ आहे. "तिकडे गौरी बसल्या असतील. इथे उंबरा नाही, म्हणून मी गाडीच्या नाकावरच पावलं काढली आहेत, थेट माझ्या झाकणापर्यंत. साहेबांना वाटलं काही मराठी निशाण आहे, ओरडले नाहीत." दादा रणगाड्याचा ड्रायव्हर, त्याचं झाकण पुढच्या बाजूला, नाकाच्या वर. घरात बहीण नाही म्हणून लहानपणी पावलं काढायचं काम त्याचं. आणि घाई अशी की प्रत्येक पावलाला चारच बोटं काढायचा. आई म्हणायची, आमची गौर चार बोटांची.

हे मी जन्मभर ऐकत आलोय. काल ऐकता ऐकता उंबऱ्यावरच्या त्या ओल्या पावलाकडे बघितलं आणि फोटोतले ते दोन ठिपके डोळ्यांसमोर आले.

आरती होईपर्यंत कसा थांबलो माझं मला माहीत. मग गुंजनच्या कंप्युटरवर ते दोन ठिपके मोठे करून घेतले. शंतनू, ते टवके नाहीत. मुठीचा ठसा आहे, एका पुढे एक, दोन पावलं, वरती झाकणाकडे जाणारी. पुढच्या पावलाची बोटं स्पष्ट मोजता येतात. चार आहेत.

जगातल्या कुठल्याच फौजेत हे निशाण नाही. ती माझ्या भावाची मूठ आहे.

त्या जोडीदाराने पेटीत शत्रूचा रणगाडा ठेवलाच नव्हता. तुमचा माणूस इथे आहे, एवढं त्याला सांगायचं होतं आणि लिहायला हात धजला नसेल. आणि आपण काय केलं? पाटावर ठेवून मारलं. तू मारलंस, दीपेशने मारलं, मी गेल्या दसऱ्यापर्यंत मारलं. आप्पा नसते गेले तर त्यांना जाऊन विचारलं असतं की उजेडात धरून तुम्ही बघितलंत तरी काय? मी काल रडलो, शंतनू. गुंजनला वाटलं, धुपाने डोळे चुरचुरले.

दसरा महिन्यावर आलाय. वहिनी मला फांदी आणायला सांगतील. मी ती फांदी उचलणार नाही, हे माझं ठरलंय. का उचलत नाही ते मात्र त्यांना सांगावं लागेल आणि सांगितलं तर त्यांचं कुंकू गेलं. सरकारने दादाला केव्हाच मृत ठरवलं होतं. "सरकारचं सरकारपाशी," म्हणून त्यांनी ते अंगाला लावून घेतलं नाही. हे अंगाला लागेल.

तू मुलगा आहेस. सांगू की नको, ते तू सांग. मी वाट बघतो.

शरदकाका

देवास, १४ सप्टेंबर २०२५

शंतनू,

तुझा निरोप पोचला. देवश्रीने गुंजनला मोबाइलवर पाठवला: "काका, आई को बता दीजिए। मैं आठ साल से यही कह रहा हूँ।" तू माझी पत्रं खिशात घालून गच्चीवर जाऊन वाचतोस, हेही तिने कळवलं.

तर तुझं म्हणणं खरं निघालं. अभिनंदन. पेढे वाटू? बाप जळून गेल्याचा पुरावा काकाने शोधून दिला आणि तुला त्यातून काय मिळालं तर आईपुढचा वाद जिंकल्याचं समाधान! हे लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. फाडणार होतो, पण असू दे, तुला कळलं पाहिजे की मी चिडलोय. आता निवळलो. तू जन्मल्यापासून बापाची वाट बघणाऱ्या घरात वाढलास. इतर मुलांचे बाप एक तर होते, नाही तर नव्हते. तुझा दोन्हीकडे नव्हता. मुंजीला आप्पांनी तुला मांडीवर घेतलं तेव्हाही पत्रिकेत दादाचं नाव "यांचे चिरंजीव" म्हणून छापलं, जिवंत माणसाचं छापतात तसं. तू एकदा तरी "नाहीत" म्हणणारच होतास. भर मांडवात म्हणालास, एवढंच मला लागलं.

मी सांगायला तयार झालो होतो. पितृपक्ष चालू आहे. गुरुजींनाही आडून विचारलं. देह मिळाला नसेल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात आणि मुलानेच द्यावा लागतो. म्हटलं, सांगावं, शंतनूला बोलवावं, त्याच्या हातून दादाला अग्नी द्यावा, आणि माय-लेकांचंही मिटेल. इतकं सोपं मी मनाशी मांडलं होतं.

पण फोटोत आणखी एक गोष्ट आहे. ती तुला लिहू नये असं चार दिवस वाटत होतं. कुंकवाच्या डागाखाली पावलांच्या टोकाशी दादाचं झाकण आहे. ते बंद आहे. आणि वरची तोफ फिरून डावीकडे कलली आहे, तिची नळी नेमकी त्या झाकणावर आली आहे. मी मास्तरांना, कुणाचा फोटो ते न सांगता विचारलं की असं असेल तर काय. त्यांनी उत्तर दिलं, "फिर ड्राइवर का ढक्कन नहीं खुलता, जनाब." शर्मनच्या पोटाखालीही एक झाकण असतं म्हणे. मी लगेच बघितलं. गाडी पोटापर्यंत चिखलात आहे. वर तोफेच्या घुमटावरचं झाकण उघडं दिसतं, म्हणजे बाकीच्यांपैकी कुणी निघालं असेल. दादाला आतून मागे सरकायला जागा होती का, वेळ होता का, हे फोटोत दिसत नाही. मी नोटा तपासल्यात. जे दिसत नाही ते आहे म्हणायची मला सवय नाही.

मग मास्तरांना खरं सांगितलं की हा माझा भाऊ. त्यांनी लिहिलं की त्या शेतांत आता भात होतो, आणि गाडी कुठे होती ते कुणा म्हाताऱ्याला आठवत असेल तर विचारून तिथे फ़ातिहा, गेलेल्यासाठीची त्यांची प्रार्थना, पढेन. मी त्यांना हो म्हटलं. दादासाठी घरच्या माणसाने काही म्हणायच्या आधी ते म्हणतील.

आता तू सांग, वहिनींना यातलं किती सांगू? गेला एवढं सांगून त्या थांबणार नाहीत. त्या विचारणाऱ्या आहेत.

आणि ऑगस्टच्या पत्रात सूज विशेष नाही असं लिहिलं ते खोटं होतं. हृदय दमलंय त्यांचं. इंदूरच्या डॉक्टरांनी पाणी काढलं आणि घरी न्या म्हणाले. दिवाळीचं त्यांनी काही म्हटलं नाही. मी विचारलंही नाही.

ये रे.

शरदकाका

देवास, ३ ऑक्टोबर २०२५

चि. शंतनू,

काल तू आला नाहीस. दुपारपर्यंत मी फाटकाकडे बघत होतो, नंतर सोडून दिलं.

सकाळी वहिनींना उशी लावून बसवलं. हिरवं लुगडं नेसवून घेतलं होतं त्यांनी गुंजनकडून. हौस कमी नाही. पाटावर तलवार, आप्पांचा पट्टा, दीपेशच्या गाडीच्या किल्ल्या आणि फोटो, नव्या काचेत. वहिनींनी कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवलं आणि दुसऱ्या हाताने फ्रेमची कड चाचपत नाकापाशी आल्या. मी त्यांचा हात धरला.

"काय हो भाऊजी? हात का धरलात?"

आता मागे फिरता येत नव्हतं. म्हटलं, "वहिनी, ही शत्रूची गाडी नाही. दादाची आहे. गौरीची पावलं आहेत तिच्यावर."

"कुठे?"

मी त्यांचं बोट काचेवर नेऊन ठेवलं. "इथे. तुम्ही कुंकू लावता तिथेच."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, गुंजनने तो बंद केला, आणि ती दारात येऊन उभी राहिली. मग वहिनींनी विचारलं, "बोटं किती आहेत?"

"चार."

वहिनी हसल्या, शंतनू. खरंच हसल्या. "पाचवं काढायला यांना कधी वेळ मिळाला नाही," म्हणाल्या. मग चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे इतकी वर्षं आपण यांनाच मारत होतो. माझ्या लेकराच्या हातून मी यांना मारवलं." त्या रडल्या नाहीत, काचेवरून हात फिरवत राहिल्या, एखाद्याच्या पाठीवरून फिरवतात तसा. मला वाटलं आता संपलं. आता त्या कपाळाकडे हात नेतील आणि ते मला बघावं लागेल.

तो हात मध्येच थांबला. "भाऊजी, पावलं झाकणापर्यंत काढली असं यांनी लिहिलं होतं ना?"

"हो."

"मग झाकण उघडं आहे की बंद?"

गुंजन माझ्याकडे बघत होती. तिला सगळं माहीत आहे. ती नळी तिनेच मला मोठी करून दाखवली होती.

"उघडं," मी म्हणालो.

"नीट बघा. तुम्ही प्रेसमधले, तुमचा डोळा चुकत नाही म्हणून विचारते."

"उघडं आहे वहिनी. सताड उघडं."

त्यांनी मोठा श्वास घेतला. इतका मोठा श्वास त्यांना महिनाभर घेता आला नव्हता. "मग उतरले हे," म्हणाल्या. "गाडी जळली, पण हे उतरले. मग पुढे कुठे गेले ते गेले." आणि बोटाला लागलेलं कुंकू त्यांनी आपल्या कपाळावर लावलं, वाकडं लागलं, गुंजनने नीट केलं. मग आपट्याचं पान मागून घेतलं आणि फोटोवर ठेवलं. "सोनं घ्या," म्हणाल्या. मलाही ठेवायला लावलं. फांदी कोपऱ्यात तशीच होती.

मी सत्य सांगायला बसलो होतो आणि निम्म्यात गळाठलो. जन्मभर ज्या डोळ्यांचा पगार खाल्ला, त्यांनाच खोटं पाडलं. पण मला त्याचा पश्चात्ताप होत नाही, आणि होत नाही याचंच वाईट वाटतं.

नंतर पडल्या पडल्या त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झालाय. म्हणाल्या, "शंतनूला कळवा. त्याला म्हणावं, आई रागावलेली नाही. त्याने तरी बिचाऱ्याने काय करावं, त्याला झाकण कुठे दिसलं होतं? म्हणून तसं बोलला. येऊन बघून जा म्हणावं स्वतःच्या डोळ्यांनी." आज सकाळपासून दोनदा विचारलं, पत्र टाकलं का.

तेव्हा हे पत्र मी पोस्टात टाकत नाही. गुंजन उद्या पहिल्या बसने धारला येते आहे, तुझ्या हातात देईल, आणि तू वाचेपर्यंत गच्चीवर तुझ्याशेजारी थांबेल. डॉक्टर कालच येऊन गेले. आता मोजायला काही राहिलेलं नाही. पळसाचा पुतळा आपण करू, दादाला तू अग्नी देशील, पण ते सगळं वहिनींच्या मागे. त्यांना सवाष्ण म्हणून जाऊ दे.

तू आलास की त्या तुझा हात धरतील, फोटो उशाशीच आहे, तो तुझ्यापुढे करतील आणि विचारतील, उघडं आहे ना रे? तू मांडवात सगळ्यांसमोर खरं बोलणारा माणूस, मला माहीत आहे. माझ्यासारखं खोटं तुझ्या तोंडून निघायचं नाही, आणि बोल असं मी सांगणारही नाही. त्या आंधळ्या आहेत, तुझं वय झालंय, तुलाही जवळचं दिसत नाही.

गुंजनबरोबरच निघ. चष्मा धारलाच विसरून ये.

शरदकाका